आत कोणी नाही

ही गोष्ट खरी आहे. भुताला कुवेतचा व्हिसा लागत नाही, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी खुशाल हसून घ्यावं.

अभिजीतही हसायचा.

दोन हजार चारचा ऑगस्ट. कुवेतमधल्या राई भागातलं एक कोल्ड स्टोरेज. बाहेर पन्नास, आत उणे वीस.

दाराचं सॉफ्टवेअर अभिजीतचं. कार्ड लावून माणूस आत गेला, की प्रोग्रॅममधल्या त्याच्या नावाच्या ऑब्जेक्टवर नोंद व्हायची: आत आहे. आत कोणी नसलं, की सुट्टीच्या वेळी दार आपोआप बंद. हे ऑब्जेक्ट एक्सएमएल फाइलमध्ये जपून ठेवलेले असत. वीज गेली तर तिथून परत उभे राहत.

गुरुवारी दुपारी वीज गेली.

आली.

पडद्यावर उमटलं... आत कोणी नाही.

दार बंद झालं. माणसं सुट्टीवर गेली.

शनिवारी शत्रुघ्न सापडला. गुहागरकडचा सुतार. दार आतून उघडायचा दांडा तुटला होता, तोच बसवायला आत गेला होता.

अभिजीतने घाईघाईने कोड उघडला. ‘आत आहे’ हे फील्ड त्याने प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्या कोडला न दिसणारं, ठेवलं होतं. आतलं आतच ठेवावं, असं कॉलेजात शिकवलेलं. आणि फाइल लिहिणारा सीरियलायझर एक्सएमएलमध्ये फक्त पब्लिक तेवढंच लिहितो. बाकीचं गाळतो. तक्रारसुद्धा करत नाही.

मॅनेजर अशरफने विचारलं, “अभिजीतभाई, सिस्टम में कुछ गड़बड़ थी?”

“नहीं. बिजली का प्रॉब्लेम था.”

मग त्याने गुपचूप एक शब्द बदलला. प्रायव्हेटचं पब्लिक. यादीतून शत्रुघ्नचं नाव काढून टाकलं. त्याचा व्हिसाही रद्द झालाच होता.

भर दुपारी, गोदाम रिकामं करून चाचणी घेतली. फाइल उघडली...

शत्रुघ्न. आत आहे: हो.

पुसलं. पुन्हा चालवलं...

शत्रुघ्न. आत आहे: हो.

तेवढ्यात दारामागून आवाज आला... ठक. ठक. हातोडीचा. सावकाश, मन लावून काम करणाऱ्या माणसाचा.

अशरफ दाराकडे वळला. “कोई अंदर है क्या?”

अभिजीतने पडद्यावर हात आडवा धरला.

“सिस्टम बोलता है, कोई नहीं.”

ठोकणं थांबलं.

त्यानंतर कधीच ऐकू आलं नाही. तेच वाईट.

अभिजीत आता पुण्यात असतो. घराला कुलूप लावण्याआधी फ्रिज उघडून बघतो.

“काही हवंय का?” बायको, नीला, विचारते.

“नाही गं. आत कोणी राहिलं नाही ना, बघतोय.”

ती हसते.

परवा मात्र हसली नाही. उघड्या फ्रिजसमोर उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “फ्रिजच्या दाराला आतून हा लाकडी दांडा कोणी बसवला?”