दोष क्रमांक अकरा

कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन कोटेशनं मागवायची, तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि खाली वरिष्ठ लिपिकाने सही ठोकायची, हा आडगाव घाटच्या विद्यालयाचा शिरस्ता दुसाने भाऊसाहेबांनी एकोणतीस वर्षं पाळला होता. शाळेच्या लिपिकाला सगळेच भाऊसाहेब म्हणतात. दुसान्यांना तर घरीही तीच हाक होती. पूर्वी हे तक्ते ते पट्टी घेऊन आखत. आता ते संगणकच लिहून देत. त्यामुळे संगणक घ्यायचा असला की नवऱ्या मुलालाच स्वतःची माहिती विचारावी तसा प्रकार होई. भाऊसाहेबांची त्याला हरकत नव्हती. स्वतःबद्दल कोण काय सांगतो यावरून माणूस चांगला कळतो, हा त्यांचा अनुभव होता. यंत्र तरी वेगळं कशाला असेल?

या खेपेला दोन यंत्रं आठ दिवसांच्या चाचणीवर येऊन बसली होती. तिसरं कोटेशन नेहमीप्रमाणे आकडा भरण्यापुरतं होतं.

पहिल्याचं नाव ‘पारंगत’. तो दूरगणक होता, म्हणजे टेबलावर नुसता पडदा, आणि मेंदू कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या थंड इमारतीत. बोलायचा फार गोड. दुसरी ‘कणिका’. तिचा सगळा मेंदू तिच्याच पोटात, तोही भंगारात निघालेल्या फोनच्या चिप्स जोडून केलेला. आकार साबणाच्या डबीएवढा, किंमत गोदरेजच्या कपाटापेक्षा कमी, आणि बोलता मुळीच येत नव्हतं. विचारायचं ते पडद्यावर लिहून विचारायची. सुपडू मामा, म्हणजे शाळेचे शिपाई, तिला सरळ ‘डबी’ म्हणत.

काम एकच होतं. शाळा निघाल्यापासूनची बेचाळीस जनरल रजिस्टरं वाचून संगणकात चढवायची. चाचणीसाठी दोघांना एकच रजिस्टर दिलं होतं, १९८६ ते ८९चं. पारंगतने ते अकरा मिनिटांत संपवलं आणि स्वतःच्या गुणांची बारा पानं काढली. डबी तीन दिवस त्याच रजिस्टरवर रेंगाळली आणि शुक्रवारी सकाळी तिने अर्ध्या पानाचा तक्ता दिला.

भाऊसाहेबांनी चष्मा वर सरकवून तो दोनदा वाचला.

“मामा, जरा इकडे या. हे वाचा.”

सुपडू मामांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. “गुण तीन. किंमत कमी, वीज कमी, नेट लागत नाही. दोष... अबब, अकरा!”

“शेवटचा वाचा.”

“दोष क्रमांक अकरा. एका पानावरच्या एकतीस मुलांपैकी तेवीस मुलांपुढे मला एकच जन्मतारीख दिसते, १ जून. इतकी मुलं एकाच दिवशी जन्मणं जवळपास अशक्य आहे. म्हणजे माझं वाचन सदोष असावं. अशा ठिकाणी माझा संशयांक वाढतो, मी थांबते आणि शेजारच्या माणसाला विचारते. शेजारी जाणता माणूस नसेल तर काम पुढे सरकत नाही. शिफारस: मला घेऊ नये.”

मामा इतके हसले की त्यांना खोकला लागला. “भाऊसाहेब, हिला सांगा ना! आपल्या गावात एक जूनला सामुदायिक बाळंतपणं व्हायची म्हणून!”

हसू भाऊसाहेबांनाही आलं. ज्याला हे ठाऊक नाही असा माणूस त्या पंचक्रोशीत नव्हता. पूर्वी बाप पोराला शाळेत घालायला आणायचा. जन्म कधीचा विचारलं तर म्हणायचा, दुष्काळानंतरच्या साली, नाहीतर काळी म्हैस व्याली तेव्हाचा. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. मग सहा वर्षं मागे जाऊन ठोकायची तारीख, १ जून. सुपडू मामांची तारीख १ जून. भाऊसाहेबांची १ जून. संस्थेच्या चेअरमनांची १ जून, आणि त्या दिवशी चौकात फ्लेक्स लागत.

गावाने पन्नास वर्षं मारलेली थाप या डबीने स्वतःच्या डोळ्यांचा दोष म्हणून लिहून ठेवली होती!

गंमत इथवर ठीक होती. पण भाऊसाहेबांच्या खणात संस्थेचं एक पत्र होतं: जे यंत्र माणसाविना चालेल ते घेतल्यास लिपिकाचं पद अतिरिक्त धरावं. म्हणजे निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना भाऊसाहेबांनी सत्तर किलोमीटरवरच्या डोंगरातल्या शाळेत जायचं. पारंगतच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं, ‘माणसाची गरज नाही’. आणि डबी म्हणत होती, शेजारी जाणता माणूस लागतो, म्हणून मला घेऊ नका.

कोण कशासाठी काय बोलतो हे भाऊसाहेबांना चटकन उमगे. सर बदली मागतात ते आईच्या आजारपणासाठी की सासरवाडीच्या मळ्यासाठी, हे ते अर्जाच्या पहिल्या ओळीत ओळखत. पण हिचा हेतू काय? ही विकणाऱ्याची नवी चाल, की खरंच इतकी भोळी वस्तू?

तेवढ्यात सिंधूबाई अहिरे दारात आल्या. अंगणवाडीत मदतनीस, वय चोपन्न, याच शाळेतून सातवीला शाळा सोडलेल्या. लेक मस्कतला, तिचं बाळंतपण पुढच्या महिन्यात, आणि पासपोर्टला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता.

“भाऊसाहेब, आज मिळेल ना? पोरगी रोज रडते फोनवर.”

“दोन सेकंदांत. यंत्रच काढेल.”

पारंगतने गोड आवाजात शुभेच्छा दिल्या आणि दाखला काढला. सवयीने भाऊसाहेबांनी तो मूळ रजिस्टराशी ताडून पाहिला आणि त्यांचा हात थांबला. रजिस्टरात १ जून १९८२. दाखल्यावर २० ऑगस्ट १९८२.

“अरे, ही तारीख कुठून आणलीस?”

“मूळ नोंदींत अशक्य कोटीतली विसंगती होती,” पारंगत म्हणाला. “भावंडांच्या नोंदी, लसीकरणाचे जुने कागद आणि गावातल्या जन्मांचा कल पाहून सर्वांत संभाव्य तारीख भरली आहे. कृपया गुण क्रमांक चार पाहावा. स्वयंदुरुस्ती.”

“सगळ्यांच्या?”

“रजिस्टरातल्या चारशे सहा विद्यार्थ्यांच्या. आपल्याला त्रास दिला नाही.”

भाऊसाहेबांनी बारा पानं उलटली. गुण क्रमांक चार खरंच होता. त्यांनीच तो भरभर वाचून सोडला होता.

सिंधूबाई दाखला हातात घेऊन पाहत होत्या. “वीस ऑगस्ट... भाऊसाहेब, माझी आई म्हणायची, तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता म्हणे.”

भाऊसाहेबांनी डबीच्या कळफलकावर विचारलं, १९८२ साली पोळा कधी होता? ती तिथींचं गणित करत बसली आणि मिनिटभराने पडद्यावर लिहिलं: १९ ऑगस्ट. अधिक महिना हिशेबात धरला आहे. तरी एकदा पंचांगात बघावं.

सुपडू मामांनी उगाच पंखा मोठा केला.

“म्हणजे माझा वाढदिवस आहे,” सिंधूबाई हळूच म्हणाल्या. “माझा एकटीचा. नाहीतर एक जूनला सगळ्या गावाचाच असतो, कोण कोणाला पेढा देणार?”

“सिंधूताई, पण आधार कार्डावर?”

“एक जून.”

“मग या दाखल्याने पासपोर्ट अडकला म्हणून समजा. तारखा जुळायला हव्यात.”

बाईंनी दाखल्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग भाऊसाहेबांकडे. “म्हणजे खरं लिहिलं तर लेकीकडे जाता येणार नाही, आणि खोटं लिहिलं तर विमानात बसवतील? असं कसं हो तुमचं ऑफिस?”

भाऊसाहेबांनी कोरा छापील दाखला काढला, रजिस्टर पुढ्यात धरून एक जूनची तारीख हाताने लिहिली, शिक्का मारला. पारंगतच्या कागदावर लाल शाईने आडव्या दोन रेघा मारून ‘रद्द’ लिहिलं आणि तो फाडायला घेतला.

“फाडू नका,” सिंधूबाई म्हणाल्या. “रद्दचा मला द्या.” आणि दोन्ही कागद वेगवेगळ्या घड्या घालून त्यांनी पिशवीत ठेवले.

त्या गेल्यावर भाऊसाहेब बराच वेळ दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. गोड आवाजाने न विचारता चारशे सहा माणसांचे जन्म हलवले होते. खोटंच ते. पण निदान एका बाईच्या बाबतीत खरं निघालं होतं. चारशे सहातलं एखादं चुकूनही बरोबर येईल, की त्याला खरंच काही कळतं? आणि मुकी डबी विचारत बसली होती, पण तिने विचारलेल्याचं खरं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तक्त्यात यातलं काय कुठे लिहायचं?

शनिवारी साडेदहाला खरेदी समिती बसली. समिती म्हणजे मुख्याध्यापिका निकुंभ मॅडम आणि चेअरमन आबासाहेब. सही करायला भाऊसाहेब, चहा द्यायला सुपडू मामा.

“हं, भाऊसाहेब,” आबासाहेब म्हणाले, “मला बारा वाजता लग्नाला जायचंय. कुठलं घ्यायचं?”

भाऊसाहेबांनी तक्ता पुढे केला. अकराव्या ओळीसमोर गुणाचा रकाना कोरा होता आणि दोषाचाही. ‘अडलं की थांबते आणि माणसाला विचारते,’ एवढंच लिहिलेलं.

“हे अधांतरी का?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, ठरवता येत नाहीये.”

“तुम्हाला?” मॅडम हसल्या. “एकोणतीस वर्षांत हे पहिल्यांदाच ऐकते मी.”

भाऊसाहेबांनी सिंधूबाईंची हकिगत सांगितली. आबासाहेब मजेत ऐकत होते. पारंगतने रजिस्टरातल्या सगळ्या तारखा बदलल्याचं कळलं तेव्हा त्यांचा कप बशीवर टेकला.

“सगळ्या? माझीपण?”

“आपली आठ डिसेंबर केली आहे.”

“डिसेंबर? अहो, फ्लेक्सवाल्याला ॲडव्हान्स दिलाय मी!” मग जरा आवाज उतरवून, “आई थंडीतलंच काहीतरी सांगायची म्हणा... जाऊ दे ते. भाऊसाहेब, फिरवून बोलू नका. थांबून विचारतं ते यंत्र, हा गुण की दोष? एका शब्दात.”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. आपण काय बोलणार हे त्यांना आधीच ठाऊक आहे, हे भाऊसाहेबांना त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. गुण म्हणालो तर खुर्ची वाचवली म्हणतील. दोष म्हणालो तर डोंगरात जायचं, वर माणूस सरळ होता हो, असं मागाहून म्हणतील. स्वतःच्या मनात खरं काय आहे, हे पाहायला ते आत डोकावले. जगभरच्या माणसांचे हेतू ओळखणाऱ्या या गृहस्थाला तिथे नीटसं काही वाचता येईना. शाई पसरलेल्या नोंदीसारखं सगळं.

“एवढं विचारतं तरी काय, बघू तर,” मॅडम म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी डबी टेबलाच्या मध्ये सरकवली. काल जाताना त्यांनी तिला कळफलकावरून समजावलं होतं: तुझं वाचन बरोबर आहे. त्या तारखा गुरुजींनी अंदाजाने लिहिल्या. तिने ते टिपून घेतलं होतं, स्वतःचा दोष क्रमांक अकरा खोडला होता आणि रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं होतं. रात्रभर ती एकाच नोंदीपाशी थांबून होती. शेजारी कोणी नव्हतं.

पडद्यावर अक्षरं होती:

दुसाने अनंत सुकदेव. पहिलीत प्रवेश १९८६. जन्म १ जून १९८०. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ही तारीख अंदाजाने लिहिलेली असू शकते. जशी आहे तशी उतरवू, की पुढे ‘अंदाजे’ असं लिहू? तसं लिहिल्यास सर्वच अशा नोंदींपुढे लिहावं लागेल. ही तारीख खरी आहे का?

मॅडमनी भाऊसाहेबांचं नाव वाचलं आणि नजर वळवली. आबासाहेब घड्याळाकडे पाहायचं विसरले. ‘अंदाजे’ हा एक शब्द, आणि आबासाहेबांचे फ्लेक्स, सुपडू मामांची पेन्शन, सिंधूबाईंचा कालच हाताने लिहिलेला दाखला, सगळेच कागद एका रांगेत डळमळू लागले असते. न लिहावा तर पारंगतहून आपण वेगळे ते काय? तोही गुपचूप लिहितो, आपणही.

भाऊसाहेबांना आईचं बोलणं आठवलं. भुईमूग उपटायला घेतला होता, मी शेतातच बसले. म्हणजे आश्विन. किंवा कार्तिक. साल तिला कधी सांगता आलं नाही.

पडद्याच्या तळाशी तीन चौकोन होते. ‘हो’, ‘नाही’, आणि तिसरा ‘मला माहीत नाही’. भाऊसाहेबांनी एकोणतीस वर्षांत हजारो फॉर्म भरले आणि भरून घेतले होते. त्यांतल्या एकावरही हा तिसरा चौकोन त्यांनी पाहिला नव्हता.

“बोला, भाऊसाहेब,” आबासाहेब हळू आवाजात म्हणाले. “गुण की दोष?”

भाऊसाहेबांनी बोट पुढे नेलं आणि तिसऱ्या चौकोनावर टेकवलं. डबी एवढंसं थांबली. मग पडद्यावर नवी ओळ उमटली:

उत्तर मिळालं. धन्यवाद. हे तुमच्या नावापुढे लिहू का?