टाचणीची दोन भोकं

जुनी फ्रेंच नोट हातात आली की आधी ती उजेडासमोर धरायची. बँकेतले कारकून नोटांची गड्डी टाचणीने टोचून ठेवत, त्यामुळे भोक नसलेली नोट सापडणं म्हणजे नशीबच. म्हणून फ्रान्समधल्या त्रुआ गावच्या रविवारच्या बाजारात जुन्या नोटा विकणाऱ्या शाब्रिएने १९४३ सालची पाच हजार फ्रँकची अखंड नोट पुढे केली, तेव्हा ओदेतबाईंनी ती तीनदा फिरवून पाहिली.

"नवरा निवडतानासुद्धा एवढं पाहिलं नसेल," शाब्रिए म्हणाला.

"नव्हतं पाहिलं, म्हणून तर आता पाहतेय."

नोट शाब्रिएच्या बापाच्या कपाटातली होती; बाईंनी ती विकत घेतली. छातीवर पदक लावलेला बापाचा फोटो शाब्रिएच्या बाजारातल्या टेबलावर कायम असे. म्हाताऱ्याला गावात मोठा मान होता.

ओदेतबाई युद्धकाळातल्याच नोटा जमवत, आणि त्या हौसेने नव्हे. त्यांचे आजोबा एमिल छापखाना चालवायचे. कुणाच्या तरी निनावी चिठ्ठीवरून जर्मनांनी त्यांना १९४३ सालीच उचललं. ते परतले नाहीत. युद्धानंतर ती चिठ्ठी आजीच्या हाती आली, पण नुसती नव्हे. टाचणीने जोडलेल्या कागदावर लिहिलं होतं: पाच हजार दिले. नाव नव्हतं. गावातलंच कुणीतरी त्या पैशांवर जेवलं होतं, आणि तो संताप ओदेतबाईंना वारशाने मिळाला होता.

सोमवारी नोटेच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक दिसलं. मंगळवारी दोन.

बाईंचं डोकंच फिरलं. मेल्याने भोकं कागदाच्या लगद्याने बुजवून गंडवलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी भिंग घेतलं. लगद्याचा मागमूस नव्हता. भोकांच्या कडा गंजलेल्या होत्या, आणि बोट लावल्यावर ओल्या लागल्या.

तसा तांबूस गंजाचा डाग त्यांनी आधी कुठेतरी पाहिला होता. त्यांनी खणातून आजीने जपलेली ती निनावी चिठ्ठी काढली आणि तिच्यावर नोट ठेवली. टाचणी दोन्हींच्या भोकांतून कुठेही न अडता आरपार गेली.

रविवारी त्यांनी दोन्ही कागद शाब्रिएच्या पुढ्यात आपटले.

"अहो बाई, टाचणीची भोकं कुणाचीही जुळतात."

"मग मी घेतली तेव्हा ती का नव्हती?"

शाब्रिएने नोट बोटाने बाजूला सारली.

"तुझ्या बापाने माझ्या आजोबांना विकलं. आणि ते पैसे तू मलाच विकलेस."

"बाप मेला माझा," तो कुत्सितपणे म्हणाला. "त्यालाच विचारा."

ओदेतबाईंनी फोटोची चौकट उचलली. आवाज खाली ठेवून त्यांनी फोटोतल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"चिठ्ठी तुम्ही लिहिलीत?"

मग त्यांनी चौकट जागेवर ठेवली.

शाब्रिएने ती सरळ केली. कोटाच्या बाहीने काच पुसली.

पुन्हा पुसली.

काचेला तडा नव्हता. आत, बापाच्या मिटलेल्या तोंडाशी दोन भोकं होती, एक ओठांच्या वर, एक खाली. त्यांच्या गंजलेल्या कडा ओल्या होत्या.