नंबर मुंबईचा, माणूस इंदुरीचा

डिसेंबरातला गुरुवार. वलवण धरणावरचं धुकं अजून रस्त्यावरून हटलं नव्हतं, तेवढ्यात एक उंच, सावळा तरुण आमच्या ऑफिसात आला आणि शांतपणे म्हणाला, "माझ्या आईचा पत्ता खोटा हाय, असं तुमीच लिवलंत ना?"

मी अश्लेषा. लोणावळ्यातल्या या ऑफिसात पवनाकाठच्या तंबूंचं बुकिंग बघते. आणि हो, लिहिलं मीच होतं. लोक खोटी बुकिंगं करतात आणि येतच नाहीत, म्हणून माझ्याआधी इथे काम करणाऱ्या सुश्रुतकडून मी एक स्क्रिप्ट मागून घेतली होती. छोटासा प्रोग्रॅम. वेबसाइटवर फॉर्म भरणाऱ्याच्या इंटरनेटचा नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, त्यात टाकला की एका गावाचं नाव येतं. फॉर्ममधलं गाव वेगळं निघालं की मी बुकिंग रद्द करायची. आतल्या ओळी कधी वाचल्याही नव्हत्या. माणसांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. स्क्रीनवरच्या अक्षरांवर मात्र डोळे मिटून ठेवते.

"तुम्ही इंदुरी लिहिलंय. इथे मुंबई दिसतंय," मी ताठ मानेने म्हणाले.

त्याचं नाव सत्यम. राहतो तळेगावजवळच्या इंदुरीत आणि तळेगावात इंटरनेटच्या केबल टाकायचं काम करतो. त्याच्या आईने, मुक्ताबाईंनी, मोबाइलवर तंबू पाहिले होते आणि एक रात्र पाण्याकाठी झोपायचा हट्ट धरला होता. माझा मेसेज वाचून त्या म्हणाल्या होत्या, सारा जन्म इंदुरीत गेला, मग पत्ता खोटा कसा? हे सगळं तो आवाज न चढवता सांगत होता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ही ओळ वाचलीय का?" त्याने मला स्क्रिप्ट उघडायला लावून एका ओळीवर बोट ठेवलं.

"नाही..."

"मग वाचा. मी थांबतो."

मी वाचली. ती ओळ तो नंबर एका वेबसाइटला पाठवत होती आणि विचारत होती, हा कोणाच्या नावावर आहे? उत्तरात येत होती इंटरनेटची कंपनी, आणि त्या कंपनीचं गाव. बस, एवढंच.

"पवनानगरच्या स्टँडवर ठाण्याच्या नंबरपाटीची सेकंडहँड जीप उभी असती," तो म्हणाला. "म्हणून ती चालवणारा नथू ठाण्याचा होतो का?"

मग त्याने मला माझ्याच मोबाइलचा आयपी अ‍ॅड्रेस त्या स्क्रिप्टमध्ये तपासायला लावला. उत्तर आलं—मुंबई. मी लोणावळ्यात, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, आणि माझ्याच नियमाने मीही खोटी ठरले होते. माझे कान तापले. तो हसला नाही, नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. तेवढ्यावरच तो मला आवडला.

मालक दिगंबरकाकांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी मनसोक्त झापलं आणि बुकिंग रद्द झालेल्या सतराही जणांना फोन करायला लावले. पहिला फोन मुक्ताबाईंना केला. मी माफी मागितली. त्यांना मात्र तंबूत गोधडी मिळते का, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

आता मला ती स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून समजून घ्यायची होती. गुरुवारी सत्यमला सुट्टी असायची. तो यायचा, चहा घ्यायचा, आणि चार ओळींच्या वर एकही शिकवायचा नाही.

"इतकी सावकाश शिकवणी?" मी एकदा विचारलं.

"तीसच तर ओळी हायेत," तो कपात बघत म्हणाला. "लवकर संपल्या तर... मी कुठल्या निमित्तानं येऊ?"

पुढच्या ओळीत काय होतं, ते मला अजूनही आठवत नाही.

जानेवारीत एक दिवस वेबसाइटच्या फॉर्ममधून त्याचा निरोप आला. माझा फोन नंबर मागायचं धाडस त्याला झालं नव्हतं, आणि मी तरी आपणहून कशाला देऊ! 'कांद्याची लागण चाललीय. दोन गुरुवार येणं होणार नाही. इंदुरीतच आहे.' खाली नेहमीसारखा आयपी अ‍ॅड्रेस.

पहिला गुरुवार कसाबसा गेला. दुसऱ्या गुरुवारी जुनी खोड वर आली. खरंच कांदा लावतोय, की कंटाळला मला? बोट आपोआप स्क्रिप्टकडे गेलं... आणि मला हसू फुटलं. ती मला कंपनीचं गाव सांगणार. सत्यम कुठे आहे हे सत्यमच सांगणार, आणि ते त्याने सांगितलं होतं. मी स्क्रिप्ट बंद केली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तळेगावहून शेअर रिक्षाने इंदुरी गाठली.

इंद्रायणीकडच्या वावरात तो घोटाभर चिखलात वाकला होता. मला पाहून आधी चेहरा उजळला. मग एकदम पडला.

"खात्री कराया आलात? मी खरंच हितं हाय का ते?"

"नाही. तुम्ही इथे आहात हे माहीत होतं, म्हणूनच तर इथे आले." आता थांबणं शक्य नव्हतं. "मला तुम्ही आवडता, सत्यम. हे दोन गुरुवार... फार लांब गेले."

हातातल्या रोपांची अर्धी जुडी त्याने माझ्यापुढे धरली.

"वाफा संपला की घरी जाऊ," तो हळूच म्हणाला. "आईला मी कवाच सांगितलंय. तुमालाच सांगायचं राहिलं हुतं."