रेहानचा आरसा

अजमानच्या त्या चहाच्या दुकानासमोर कुणी गाडीतून उतरत नाही. हॉर्न दिला की 'करक', म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, गाडीपाशी येतो. ईशानीने हॉर्न दिला, काच खाली केली... आणि शेजारच्या गाडीत रेहान! तीन वर्षांनी! तिच्या काळजाचा ठोका चुकला, आणि तो चुकला म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"इशू... तू?"

"ईशानी म्हणायचं. आणि आपण कोण? अच्छा, पेपरमधले ते ऑर्केस्ट्राचे मोठे कंडक्टर!"

तो हसला. गालावरची खळी अजून तिथेच होती, निर्लज्ज!

सकाळपासून ती धुमसत होती. पेपरात रेहानवर अख्खं पान आलं होतं. रत्नागिरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, अजमानमध्ये वाढलेला, आता युरोपातल्या भल्यामोठ्या ऑर्केस्ट्राला नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर वाजवायला लावणारा. आणि खाली त्याचे शब्द – 'माझ्याकडे ऑर्केस्ट्रा नव्हता. मी आरशासमोर एकटाच सराव केला.'

म्हणे आरसा! कंडक्टरला हात हलवून शिकायचं तर समोर वाजवणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे ईशानी. कॉलेजची सगळी वर्षं तिने रेहानच्या वरच्याच मजल्यावर, आपल्या घरच्या पियानोवर व्हायोलिनचं, बासरीचं, नगाऱ्यांचं सगळं एकटीने वाजवलं होतं. त्याचा हात रेंगाळला की तिचा सूर रेंगाळायचा, त्याने श्वास रोखला की ती थांबायची. बोटं भरून यायची, तरी ती उठायची नाही. आणि या माणसाने तिला चक्क पुसून टाकलं!

"मला सांग, शेवटाला घाई करतोस म्हणून आरसा तुझ्यावर कधी ओरडला?"

"इशू, लिसन... तुझं नाव छापून आलं असतं, तर तुझे बाबा, सदानंदकाका काय म्हणाले असते? आपली घरं... म्हणजे तू हिंदू, मी... प्रॉब्लेम तुलाच झाला असता ना!"

"मला विचारलंस? एक मेसेज टाकता आला नाही? माझं भलं तू परस्पर ठरवणार, आणि वर मी थँक यू म्हणू?"

मागच्या गाडीने हॉर्नचा सपाटा लावला. दोघंही हलली नाहीत. रेहानने फोन काढला, स्पीकरवर टाकला.

"अम्मी, पेपरात मी खोटं बोललो. आरसा नव्हता, ईशानी होती. आणि... माझं प्रेम आहे तिच्यावर. तेव्हापासून."

पलीकडून बानूअम्मी कडाडल्या, "मला काय वेडी समजतोस? वरच्या मजल्यावरचा तो पियानो रोज ऐकत होते मी! पोरीचं नाव गिळून टाकलंस, शरम नाही वाटली? थांब, सदानंदभाऊंशी आता मीच बोलते—"

"नको, अम्मी!" ईशानी खिडकीतून ओरडली. "बाबांना मी स्वतः सांगणार. माझ्या वतीने बोलणारे खूप झाले!"

"काय सांगणार?" रेहानने हळूच विचारलं.

"हेच... की हा माणूस खोटारडा आहे, भित्रा आहे, आणि मला तोच हवाय. यल्ला, चल, गाडी काढ! पुढे मी जाणार. तू मागून ये."