रविवारचं तापमान

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुर्भ्याच्या आरोग्य केंद्रात लशींचा फ्रीज बघायला एक मेकॅनिक आला. फ्रीज बंद पडला नव्हता. नेहमीपेक्षा जास्त घुमत होता एवढंच, म्हणून हादिया नर्सने शुक्रवारी कंपनीत फोन करून ठेवला होता.

मेकॅनिकचं नाव तबरेज. मूळचा उरणचा. खिशात दोन स्क्रूड्रायव्हर आणि भुवईवर ग्रीसचा डाग. फ्रीजला हात लावायच्या आधी त्याने दारावर टांगलेला तक्ता वाचायला घेतला. दिवसातून दोनदा तापमान लिहायचं आणि शेजारी नर्सने सही करायची, असा तो तक्ता.

"चार, चार, चार... मॅडम, काल रविवार होता ना?"

"होता."

"केंद्र उघडं होतं?"

"नाही."

"मग काल चार डिग्री बघितलं कोणी? फ्रीजने स्वतःच सही केली?"

हादियाचे कान तापले. रविवारचे दोन्ही आकडे ती शनिवारी दुपारीच लिहून मोकळी व्हायची. तिच्या आधीची नर्सही तेच करायची, आणि काम शिकवताना तिने हेही शिकवलं होतं. चारच तर असतं नेहमी!

"तुम्ही फ्रीज बघायला आलात की माझी परीक्षा घ्यायला?"

"परीक्षेत पासच आहात. अक्षर काय सुंदर आहे!" तो हसला. मग त्याने स्वतःचा थर्मामीटर आत ठेवून दार लावलं. दहा मिनिटांनी उघडलं, तेव्हा त्याचं हसू गेलं होतं.

"वजा तीन."

"पण फ्रीजच्या मीटरचा काटा तर..."

"काटा चारवर अडकलाय. टिचकी मारली तरी हलत नाही."

कधीपासून? उत्तर तक्त्यातच होतं. महिन्याच्या सात तारखेपर्यंत चार, पाच, तीन, पुन्हा चार. आठ तारखेपासून बावीस दिवस नुसते चार — तिच्याच सुंदर अक्षरात.

त्या बावीस दिवसांत तिने पेंटाचे डोस दिले होते. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला — दीड महिन्यापासूनच्या बाळांना या सगळ्यापासून वाचवणारी लस. ती एकदा गोठली की वितळल्यावर दिसते तशीच, पण तिच्यात जीव उरत नाही. रजिस्टरमध्ये नावं होती शेहेचाळीस. आणि केंद्रामागच्या गल्लीतलं तीन महिन्यांचं एक बाळ डांग्या खोकल्याने आठवडाभर हॉस्पिटलात होतं.

दुसऱ्या दिवशी तबरेज नवा थर्मोस्टॅट घेऊन आला. टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक हादियाने रात्रभर मुद्दाम गोठवून वितळवलेली, दुसरी संशयातली. दोन्ही एकदम हलवायच्या आणि गाळ कसा खाली बसतो ते बघायचं; गोठून गेलेल्या लशीत तो लवकर बसतो.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"अर्धा तास. नजर हलवायची नाही."

"बाटलीवरून?"

"बाटलीवरूनच!"

दोघं समोरासमोर वाकून बसले. बाहेर ट्रक हॉर्न वाजवत जात होते. त्याच्या हाताला मशीन ऑइलचा वास होता आणि तिला तो... चक्क आवडत होता. संशयातल्या बाटलीत गाळ भराभर उतरला. गोठवलेल्या बाटलीतल्याइतकाच भराभर.

"मेली," ती हळूच म्हणाली. डोळे भरले तिचे, पण पुसले नाहीत.

 तबरेजने बोटाने बाटली तिच्या हाताशी सरकवली, आणि बोट तिथेच ठेवलं — तिच्या बोटापासून जेमतेम दोन इंचांवर.

केंद्राच्या डॉक्टर गीतांजली वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. "बाटलीवरच्या खुणेचा रंग ठीक आहे ना? मग?"

"मॅडम, ती खूण उष्णतेची आहे. गोठल्याचं ती सांगत नाही."

"शेहेचाळीस घरी जाऊन काय सांगणार? लस फुकट गेली? लोक उद्यापासून यायचेच बंद होतील. आणि तू कंत्राटी आहेस. मार्चमध्ये रिन्यूअल आहे तुझं."

"आपण लपवलं म्हणून ते येत राहिले, तर त्या येण्याचा उपयोग काय, मॅडम?"

"नव्या लशीच्या मागणीवर कारण लिहावं लागेल."

"लिहिते." आणि हादियाने तिथेच उभ्याने लिहिलं: काटा अडकलेला, मी तपासला नाही, रविवारचं तापमान शनिवारी लिहीत होते. खाली पूर्ण नावाने सही केली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. पेन शोधायला त्यांना फार वेळ लागला. पण सही केली.

तिकडे तबरेजच्या शेठने फोनवर सांगितलं, रिपोर्टमध्ये 'नियमित सर्व्हिस, फ्रीज चालू' एवढंच टाक. तबरेजने 'आतलं तापमान वजा तीन, काटा निकामी' असं लिहिलं आणि एक प्रत हादियाच्या हातात दिली. गुरुवारी त्याला तुर्भ्यातून काढून जासईच्या कंटेनर यार्डात टाकलं. शुक्रवारी हादियाला नोटीस आली — सात दिवसांत खुलासा द्या. खुलाशासोबत तिने त्याच्या रिपोर्टची प्रत लावली.

"माझ्यामुळे झालं तुमचं हे," ती फोनवर म्हणाली.

"मॅडम, इथे लय भारी आहे. दिवसभर गोठलेल्या कोळंबीची तब्येत बघतो. एक पण उलट बोलत नाही."

"मी बोलते?"

"तुम्ही बोलत नाही का? म्हणून तर... करमत नाही इथे."

तिने फोन ठेवला नाही. त्यानेही नाही. यार्डातल्या क्रेनची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

नवी लस आली. हादिया दारोदार फिरली. पहिलंच घर शालनताईंचं. त्या साताऱ्याकडच्या, नवरा मार्केटात माथाडी.

"म्हंजे त्या सुईत पानी हुतं?" शालनताईंनी पोरगी पोटाशी धरली.

"पाण्यासारखंच झालं होतं, ताई. चूक माझी. परत टोचावं लागेल."

"रातभर रडली हुती माझी बाय. फुकट?"

"फुकट."

शालनताईंनी तोंडाला येईल ते सुनावलं. हादिया उभी राहून ऐकत होती. मग त्या दम घेऊन म्हणाल्या, "आजवर कुनी दारात येऊन चुकलं म्हनलं न्हाई. कवा आनू?" आणि स्वतःच पुढे होऊन शेजारणीचं दार वाजवलं. "ए, भाईर ये! आन् शिस्टरला बोलू नगंस, माझं बोलून झालंय."

दहाव्या दिवशी पंचेचाळीस बाळांना पुन्हा डोस मिळाला होता. राहिलं होतं एक. पार्थ, वय अडीच महिने. आईबाप कामासाठी नावड्याला गेलेले. फोन बंद.

रविवारी दुपारी हादिया फ्रीजचं तापमान लिहून बाहेर आली, तेव्हा तबरेज बाइक घेऊन केंद्राच्या गेटवर उभा होता.

"सुट्टीच्या दिवशी?" ती म्हणाली.

"रविवारचं काम शनिवारी उरकायची सवय मला नाही."

"टोमणा मारलात ना?"

"मारला. बसा आता."

नावड्याच्या चाळीत खोली सापडली. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, "बाळाला कालपासून खोकला हाय. कुठंतरी दवाखान्यात नेलंय. कुठल्या ते ठाव न्हाय."

हादिया पायरीवर बसली. तबरेजने जवळच्या तीन दवाखान्यांना फोन लावले. तिन्हीकडे असं बाळ नव्हतं. चौथ्याने थांबायला सांगितलं.

"हादिया..." पहिल्यांदाच त्याने नाव घेतलं. फोन कानाला तसाच. "उद्या तुमची चौकशी. काहीही होऊ दे, मी बाहेर उभा असेन. आणि परवाही. आणि नंतरही... चालेल?"

"चौकशीत मी तेच सांगणार, जे लिहिलंय. नोकरी जाईल."

"ते नाही विचारलं मी."

"चालेल," ती म्हणाली. मान वर करून, सरळ त्याच्याकडे बघत. "अम्मीला मी सांगेन. तुम्ही आधी फोनकडे लक्ष द्या."

संध्याकाळी पावणेसात वाजले तेव्हा फोनच्या पलीकडे चौथ्या दवाखान्यातली बाई अजून रजिस्टर चाळत होती आणि दाराला कुलूप तसंच होतं.