ऑली मार्शचं कार्ड

"कुणी बाहेर जायचं नाही," म्हणत रूथ झेलेंकाने अग्निशमन केंद्राच्या सभागृहाचं दार लावलं.

ओहायोतल्या त्या गावात दर हिवाळ्यात तिथे खेळाडूंच्या जुन्या कार्डांचा बाजार भरे. रूथ काउंटी पोलिसांत डिटेक्टिव्ह होती आणि सुट्टीच्या दिवशी जोडकाम म्हणून इथे दारावर बसायची. नातवंडं झालेले हे पुरुष पुठ्ठ्याच्या तुकड्यांना भिंग लावून हुंगत फिरत, ते बघून तिला सकाळपासून वीट आला होता. निदान चोरी तरी झाली, असं तिच्या मनात येऊन गेलं.

चोरी इर्मा टोथ या सत्तरीच्या बाईंच्या कार्डाची झाली होती. वारलेल्या भावाने लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटातून मिळवलेलं ऑली मार्श या बेसबॉलपटूचं कार्ड त्यांनी बर्ट हॅस्केल नावाच्या विक्रेत्याला दाखवायला आणलं होतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कॉफी सांडली. जो तो तिकडे धावला. बर्ट परत वळला तेव्हा कार्ड नव्हतं.

"यानेच घेतलं. चोर आहे हा," इर्माबाई ओरडून सांगत होत्या. अख्खं सभागृह ऐकत होतं.

रूथने बर्टला विचारलं, "कार्डाबद्दल यांना काय सांगितलं होतंत?"

"खरं तेच. ते विकलं तर घराचं छप्पर नवं होईल म्हणालो. ढापायचं असतं तर चिल्लर देऊन विकतच घेतलं नसतं का?"

"कॉफी कुणाची?"

"प्रूइटची. इथेच माझ्या टेबलाशी उभा होता. कार्डांचे दर्जे ठरवतो तो. मोठा माणूस."

क्लेटन प्रूइट हातात पांढरे मोजे घालून उभा होता. आपण गुन्हेगारांत नव्हे, अडाण्यांत अडकलोय असा त्याचा चेहरा होता.

"तुम्ही बर्टच्या टेबलापाशी कशाला गेला होतात?" रूथने विचारलं.

"जाता जाता थांबलो. त्याचा माल बघायला नव्हे. ते एकेक डॉलरच्या कार्डांचं खोकं बघा. मोडके कोपरे, पडलेल्या घड्या. असल्या कचऱ्याला मी मोजे घालूनही हात लावत नाही. माझी झडती आधी घ्या, मला कामं आहेत."

रूथने ठाण्यावरून दोन शिपाई बोलावले. प्रूइटची झडती आधी झाली, मग बाकीच्यांची. बर्टच्या पिशव्या उपड्या केल्या. डॉलरचं खोकंही चाळलं. प्रत्येक टणक, पारदर्शक पाकिटातून कुणी ना कुणी फुटकळ खेळाडू बाहेर बघत होता. ऑली मार्श कुठेच नव्हता.

शेवटी दार उघडावं लागलं. लोक बर्टकडे तिरकं बघत निघाले. बर्ट मान खाली घालून आवराआवर करू लागला.

प्रूइट कोट चढवून त्याच्या टेबलाशी थांबला, खोक्यातून एक कार्ड उचलून खिशात घातलं आणि डॉलर टाकला.

रूथ आडवी आली. "काय घेतलंत?"

"काही नाही. शेजारच्या पोराला देईन."

"बघू."

कार्डाचा कोपरा मोडला होता. मधोमध घडी होती.

"साहेब, मला यातलं ओ की ठो कळत नाही," रूथ म्हणाली. "पण माणसं कळतात. ज्या कचऱ्याला हात लावत नाही म्हणालात, तोच कोटाच्या खिशात घालून निघालात. कॉफी तुम्ही सांडलीत, मुद्दाम. सगळे वळले तेव्हा ऑली मार्श याच पाकिटात, या कार्डाच्या मागे सरकवलात. झडतीत अंगावर काही सापडणार नव्हतं, म्हणूनच ती आधी मागितलीत. खोकं चाळणारा समोरचाच चेहरा बघणार, हेही तुम्हाला ठाऊक होतं."

तिने पाकीट हलकेच दाबलं. दोन कार्डं बाहेर आली.

"त्या बाईला त्याची किंमत कळत नव्हती," प्रूइट थंडपणे म्हणाला. "आणि हा हॅस्केल... याच्या हाती ते पडणं म्हणजे विटंबना."

"ठाण्यावर सांगा," रूथ म्हणाली. शिपायांनी त्याला गाडीत बसवलं.

तोवर निघालेले निम्मे लोक माघारी आले होते. बर्टकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. इर्माबाईंभोवती कोंडाळं करून ते भाव पुकारू लागले. रूथने सगळ्यांना मागे ढकललं आणि कार्ड इर्माबाईंच्या हातात दिलं.

इर्माबाई बर्टपाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "चुकले मी. हे तुम्हीच विका माझ्यासाठी."

बर्टने हातातलं काम थांबवलं नाही. "विकेन. पण बाई, चोर म्हणताना तुमचा आवाज पार दारापर्यंत गेला होता."

इर्माबाई खुर्चीचा आधार घेऊन सगळ्यांकडे वळल्या आणि घसा खाकरला.