निळ्या काठाचा कप

थंडीच्या गावाला जाताना सामान कसं भरावं, याबद्दल टेकडीवरच्या प्रत्येक बाईला काही ना काही सांगायचं होतं, आणि त्यांच्यातल्या एकीनेही शिकागो पाहिलेलं नव्हतं. मोज्यांवर मोजे घाल. छातीशी वर्तमानपत्र धर. तळ्यावरचा वारा सुटला की माणसाची हाडं मोजतो म्हणे! आयडेलाने सगळ्यांना हो हो म्हटलं आणि आपल्याला हवं तसंच भरायला घेतलं.

पुठ्ठ्याची सूटकेस पलंगावर उघडी पडली होती. तळाशी गोधडी, गेलेल्या नवऱ्याच्या, एझेलच्या, शेतातल्या विजारींची. गुडघ्यावरचे विटके तुकडे तिने मुद्दाम मधोमध लावले होते. गोधडीवर फ्लॅनेलची झबली. शिकागोत लेक लुरेथाचे दिवस भरत आले होते. तिची आधीची दोन्ही बाळं जगली नव्हती, आणि या खेपेला आई जवळ हवीच, असा तिने हट्ट धरला होता. तेव्हापासून आयडेलाच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

नणंद व्हर्नेल स्वयंपाकघरात कोंबडी तळत होती. आगगाडीला जेवणासाठी वेगळा डबा जोडलेला असतो, पण तो काळ्या माणसांसाठी नसतो. त्यामुळे बुटाच्या खोक्यात कोंबडी, उकडलेली अंडी आणि केक बांधून घ्यायचा, ही या टेकडीची जुनी रीत.

लोकरीच्या मोज्यांची जोडी उचलली तशी आयडेलाला ती जड लागली. तिने मोजा उलटा केला. आतून कप पडला. निळ्या काठाचा, कानापाशी टवका उडालेला. बुडाला लाल माती चिकटली होती, ओली.

हा कप तिने ऑगस्टमध्ये एझेलच्या थडग्याच्या मातीवर ठेवला होता.

"व्हर्नेल! ही कसली थट्टा म्हणायची?"

पिठाने भरलेले हात तसेच घेऊन व्हर्नेल दारात आली. कप पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "देवाशपथ, मी नाही. मी कशाला त्याला हात लावू?"

"मग चालत आला का?"

"फोडला नव्हतास ना? खरं सांग."

मरणाऱ्याने शेवटचं ज्यातून प्यायलं, ते फोडून त्याच्या मातीवर ठेवायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आयडेलाने ठेवला होता, पण अख्खा.

"फोडलं की मरणाची साखळी तुटते गं," व्हर्नेल म्हणाली. "नाही तोडली, तर गेलेला माणूस घरातलं एखादं माणूस न्यायला येतो. तेव्हाच सांगत होते. पण तुला मेला कप जास्त लाडका!"

"लाडका होता म्हणूनच हात उचलला नाही," आयडेला म्हणाली, आणि तिला रडू आलं. एझेल जिथे बसेल तिथे तो कप टेकवायचा आणि लाकडावर कॉफीचं गोल उमटवून उठायचा. सगळा संसार ती गोलं पुसण्यात आणि त्याला बोलण्यात गेला. आता पुसायला काही उरलं नव्हतं, तर घर खायला उठत होतं.

पण लेकीपुढे कपाचं काय! कोंबडी चुलीवरून उतरवून दोघी उन्हातच दफनभूमीत गेल्या. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. एझेलच्या लाल मातीवर कपाच्या बुडाचं एक गोल तेवढं स्पष्ट उठलं होतं. आसपास पाऊल नव्हतं. कोंबडीचंसुद्धा नाही.

व्हर्नेलने विटेचा तुकडा पुढे केला. "तूच फोड. मी फोडून काय उपयोग?"

आयडेलाने डोळे मिटून घाव घातला. कप एका फटक्यात फुटला. "जा आता, एझेल," ती म्हणाली. "पोरीच्या वाटेला जाऊ नकोस."

घरी परतताना तिला चक्क भूक लागली.

स्टेशनवर हमालाने सूटकेस उचलली आणि कंबर धरली. "मावशी, यात दगड भरलेत की नवरा?"

"नवऱ्याला पुरून आलेय रे बाबा," ती म्हणाली. हमालाने जीभ चावली. सूटकेस वर चढवायला त्याला आणखी एकाला हाक मारावी लागली.

वाटेत डब्याच्या काचा गारठल्या. शिकागोला ती उतरली, तर तळ्याकडून आलेला वारा खरोखरच हाडं मोजत होता, आणि फलाटावर जावई क्लीव्हन टोपी हलवत धावत येत होता.

"मुलगा! दोघं ठणठणीत! असा ओरडतो, की खालचे लोक छताला काठी मारतात!"

आयडेला त्याच्या गळ्यात पडून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. किती दिवसांचं ओझं उतरलं. क्लीव्हनने सूटकेस दोन बोटांवर उचलली. "आई, यात काही आणलंय की नाही?"

घरी उघडून पाहिली. झबली, मोजे, गोधडी, सगळं जागच्या जागी. कप नव्हता.

बाळ खिडकीशी निजलं होतं. पाळण्याला जागा नव्हती, म्हणून कपाटाचा खण काढून खुर्चीवर ठेवला होता. आयडेलाने गोधडी त्याच्यावर घातली. गोबरे गाल, मुठी घट्ट. ती बघतच राहिली. मग तिला खिडकीच्या फळीवर एक तपकिरी गोल दिसलं.

"क्लीव्हन कॉफी पितो का गं?"

"छे, त्याला पित्त होतं. घरात कॉफीच नाही," लुरेथा पलंगावरून म्हणाली. "का?"

"काही नाही." आयडेलाने कमरेच्या एप्रनचं टोक गोलावर फिरवलं. ते कोमट लागलं.

तिला भीती वाटली नाही. आजोबा आहे, नातू बघून गेला असेल. कप फुटलाय, आता कोणाला नेता येणार नाही. "खाली काहीतरी ठेवावं माणसानं," ती हळूच रागावली, आणि ऑगस्टनंतर प्रथमच गाढ झोपली.

उजाडल्यावर उठली तेव्हा घर शांत होतं. बाळ ओरडत नव्हतं.

ती धावली. बाळ श्वास घेत होतं. डोळे उघडे ठेवून खुर्चीपलीकडच्या रिकाम्या जागेकडे टक लावून पाहत होतं. आयडेलाच्या जिवात जीव आला.

मग तिने फळी पाहिली.

पुसलेलं गोल परत उमटलं होतं. त्यात अडकलेलं दुसरं. दुसऱ्यात तिसरं. फळीवरून खुर्चीच्या हातावर, हातावरून खणाच्या काठावर, कडीत कडी, कुठेही न तुटलेली.

शेवटची कडी गोधडीवर होती, बाळाच्या छातीपाशी. ती अजून ओली होती.